अर्ध्यातल्या सरांची टाकी

राधाकृष्ण वाकचौरे सरांच्या बोटीला जाता येत होतं, फक्त परत येता येत नव्हतं.

शेंडी गावाच्या काठावरून ती ऐटीत निघायची. भंडारदऱ्याच्या पाण्यावर पांढरी रेघ ओढत रतनवाडीला पोचायची. माणसं उतरायची, देवळात जायची, फोटो काढायची, भजी खायची, पुन्हा बोटीत बसायची. आणि येताना, दोन्ही काठ सारखेच लांब दिसायला लागले की इंजिन दोन उचक्या द्यायचं आणि गप्प व्हायचं. कारण साधं होतं. इंजिनाबरोबर आलेली लाल टाकी जेमतेम घागरीएवढी, आणि धरण काही घागरीएवढं नाही.

एकदोनदा लोकांनी हसून घेतलं. पण एका रविवारी तालुक्यातले झाडून सगळे सेवानिवृत्त मुख्याध्यापक बोटीत होते, आणि बोट मधोमध थांबली. जन्मभर दुसऱ्यांना बाकावर उभं करणारी मंडळी, पण बोटीत कोणालाच उभं राहता येईना. मग त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. एकाला अध्यक्ष निवडलं, निषेधाचा ठराव मांडला, अनुमोदन दिलं, आणि ठराव एकमताने मंजूर होता होता छगनची बोट आली. छगन भांगरे म्हणजे सरांचाच विद्यार्थी, सहावीत दोनदा बसलेला. त्याने दोर टाकला आणि अख्खं शिक्षण खातं ओढत काठाला आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध यायच्या आधी गावात सरांचं नवं नाव आलं. अर्ध्यातले सर. किराणावाला म्हणे, "अर्ध्यातले सर, साखर अर्धा किलोच ना?" राजूरच्या एसटीत कंडक्टर म्हणे, "अर्ध्यातले सर, असं अर्ध्यात थांबू नका, पुढं सरका." तीस वर्षं विज्ञान शिकवून 'वाकचौरे सर' एवढंच नाव मिळवलं होतं, ते एका दुपारीत बुडालं. बोट मात्र तरंगत होती.

घरी विजयमालाबाईंनी आवाज न चढवता निकाल दिला. आवाज चढवला असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"पुन्हा पेट्रोल संपून बोट पाण्यात थांबली, तर ती विकायची. गिऱ्हाईक नाही मिळालं, तर माती भरून मी तिच्यात कोथिंबीर लावीन."

"अगं, बोट आहे ती."

"आळूपण येईल चांगला."

आता कोणी म्हणेल, जास्तीचं पेट्रोल कॅनमधून न्यावं. इथेच तर गोम होती. राजूरच्या पंपावर इंजिनाची म्हणून लाल टाकी तेवढी भरून देत, पण कॅनमध्ये पेट्रोल देत नसत. बाकीच्या बोटवाल्यांनी त्यावर उपाय काढला होता. मोटरसायकलची टाकी गच्च भरून आणायची, काठावर उभी करायची, तिच्यात नळी घालायची आणि तोंडाने ओढून कॅन भरायचा. छगन तर ओढता ओढता गप्पाही मारायचा.

"सर, या हिकडं. म्या शिकवितो. लई सोपं हाय."

"छगन, वक्रनलिका म्हणजे काय हे तुला मी शिकवलंय."

"व्हय, पर तवा तुमी पानी वापरलं हुतं."

सरांना ते पटण्यासारखं नव्हतं. ज्या माणसाचा ग्लास-पुठ्ठ्याचा प्रयोग तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी टाळ्या घ्यायचा, त्याने काठावर उकिडवं बसून मोटरसायकलचं पेट्रोल प्यायचं? हा प्रयोग तुम्हीही शाळेत पाहिला असेल. काठोकाठ भरलेला ग्लास, वर पुठ्ठा, ग्लास उलटा करायचा आणि पाणी पडत नाही. "का पडत नाही? हवेच्या दाबामुळे!" हे वाक्य सर असं म्हणायचे, की पोरांना वाटायचं हवेला सरांनीच दाबून धरलंय.

तर सरांनी ठरवलं, मोठी टाकी बसवायची. एकदाच, कायमची.

हे बाहेर कळायला नको होतं, पण त्यांनी ते शेजारच्या केशरबाईंना सांगितलं. म्हणजे गावाला सांगितलंच. केशरबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "त्यात काय अवघड हाय? तसलीच अजून एक लाल टाकी घ्या. एक जायाची, एक यायाची."

सर मोठ्या मनाने हसले. उपाय इतका सोपा असेल तर तो बरोबर कसा असेल? "केशरबाई, ते ठिगळ झालं. मला कायमस्वरूपी सोय करायची आहे."

"करा बापा," म्हणून केशरबाईंनी नाचणीतला खडा त्यांच्या दिशेने फेकला. मुद्दाम नव्हे. पण लागला.

सर कायद्याने चालणारे. बोटीत बदल करायचा तर परवानगी हवी, म्हणून ते तालुक्याच्या एका कार्यालयात गेले. कोणत्या, ते विचारू नका. त्या दिवशी ते सगळ्यांतच गेले होते.

"वाहन आहे का?" पहिल्या टेबलाने विचारलं.

"आहे."

"चाकं?"

"नाहीत."

"मग वाहन नाही. बांधकामाकडे जा."

बांधकामाने विचारलं, "हलतं का?"

"हो, चांगलं हलतं."

"मग बांधकाम नाही. मत्स्यव्यवसायाला विचारा."

तिथल्या साहेबांनी विचारलं, "मासे धरता?"

"आम्ही शाकाहारी आहोत."

"मग आमच्याकडे कशाला आलात?" साहेब दुखावले.

शेवटी एका कनवाळू क्लार्कने चहा पाजून सल्ला दिला, "सर, बोटीत काहीही बदल केलेला नाही असा अर्ज करा. त्याची पोच मी आत्ता देतो." सरांनी तसा अर्ज केला. न केलेल्या बदलाची पोच खिशात घालून ते बदल करायला मोकळे झाले.

टाकीसाठी कोणी म्हणालं नगरला बघा, कोणी म्हणालं पुण्याला. सर सुप्याला गेले, कारण मुख्याध्यापकांपैकी एकाच्या जावयाने तिथल्या अझहरभाईंचं नाव सांगितलं होतं. अझहर शेख यांचा एमआयडीसीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना. जिल्ह्यातल्या निम्म्या डेअऱ्यांच्या दुधाच्या टाक्या त्यांच्या हातच्या. स्टीलच्या, आरशासारख्या. सरांनी एका टाकीत स्वतःचा चेहरा पाहिला आणि तो त्यांना बऱ्याच दिवसांनी रुबाबदार वाटला.

"पेट्रोलची टाकी करता का?"

"सर, दूध काय, पेट्रोल काय. दोन्ही पातळ, दोन्ही नाजूक." अझहरभाईंनी टाकीवर टिचकी मारली. देवळातल्या घंटेसारखा नाद आला. "किती लिटरची?"

"तीस-चाळीस."

अझहरभाईंच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं. "दोनशेच्या खाली आम्ही करत नाही, सर. डेअरीवाले हसतात."

"पण मला डेअरी..."

"एकदाच करायची ना? कायमची?"

हा माणूस आपल्या मनातलं बोलतोय, हे पाहून सर विरघळले. मग अझहरभाईंनी गुण सांगितले. दुहेरी भिंत, म्हणजे ऊन लागणार नाही. खाली तोटी. वर झाकण, झाकणाला जाड रबर, आणि भोवती आवळायचे सहा खटके. "एकदा आवळलं की मुंगी जाणार नाही. मुंगी सोडा, सर, हवा जाणार नाही!"

"हवा जाणार नाही," सर भारावून म्हणाले. परतीच्या एसटीतही ते वाक्य त्यांनी स्वतःशी दोनदा म्हटलं. तीस वर्षं सहावीला हवा शिकवलेल्या माणसाला त्या वाक्यात काही खटकायला हवं होतं. पण माणूस निवृत्त झाला की विषयही निवृत्त होतो.

टेम्पोतून टाकी आली तेव्हा केशरबाईंनी अंगणातूनच ओरडून विचारलं, "मास्तर, म्हशी कवा आनताय?" संध्याकाळपर्यंत दोन डेअऱ्यांची माणसं चौकशीला येऊन गेली. एकाने गोठा कुठे बांधणार तेही पाहून घेतलं. विजयमालाबाई पदराने हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली, झाकणावरून बोट फिरवलं, खटके पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, या झाकणाला..."

"तू यात पडू नकोस," सर म्हणाले. "तांत्रिक बाब आहे."

बाई आत गेल्या.

टाकी बोटीच्या मागच्या भागात, इंजिनाजवळ बसवली. आता ती भरायची कशी? सर राजूरच्या पंपावर गेले. तिथे ओंकार नावाचा पोरगा पेट्रोल सोडत होता, तोही सरांचाच विद्यार्थी.

"सर, कॅनमधी न्हाई देता येत. गाडीच्या टाकीतच."

"आणि बोटीच्या टाकीत?"

"देऊ की," ओंकार हसून म्हणाला. "बोट आना."

पोरगा थट्टा करत होता. पण सरांनी आयुष्यभर पोरांची उत्तरं शब्दशः तपासली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बोट चढवली, दोरांनी बांधली, स्वतः बोटीत उभे राहिले आणि मिरवणूक राजूरला निघाली.

आता विचार करा. हिवाळ्याची सकाळ, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि धरणाकडून एक बोट घाईघाईने गावाकडे चाललीय. वाटेतल्या पहिल्या वस्तीवर एक म्हातारा उठून उभा राहिला. "काय झालं ओ? पानी सोडलं काय?" ट्रॅक्टरच्या आवाजात सरांना काही कळलं नाही, त्यांनी हात हलवला. म्हाताऱ्याने शेरडं डोंगराकडे हाकली. पुढच्या वस्तीवर बायकांनी धुणं गोळा केलं. त्याच्या पुढे एकाने हातपंपाची नळी काढून घेतली, ती का, हे त्यालाही सांगता आलं नसतं. राजूरच्या वेशीवर पोचेपर्यंत तलाठ्यांचा फोन आला.

"सर, तुम्ही लोकांना हलवताय का?"

"नाही हो, पेट्रोल भरायला चाललोय."

मग तलाठी हळूच म्हणाले, "अर्ध्यातले सर ना?"

पंपावर बोट रांगेत उभी राहिली. पुढे दोन मोटरसायकली, मागे उसाचा ट्रॅक्टर. ओंकारने सरांकडे पाहिलं, बोटीकडे पाहिलं आणि तो शब्दाला जागला. टाकी भरू लागली. भरता भरता ट्रॉलीची मागची चाकं बसत गेली आणि बोटीचं नाक वर जात गेलं. शेवटी ती आभाळाकडे निघाल्यासारखी दिसू लागली. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला. "सर, उडायच्या आत घ्या पुढं!"

काठावर येऊन बोट पाण्यात सोडली, आणि नवीनच अडचण निघाली. बोट मागून बसली होती. पुढचा भाग हवेत, मागचा कडेपर्यंत पाण्यात. पाहुणे बसवायचे तर मागे जागा नाही, आणि पुढे चढायला शिडी लागेल. काठावर नेहमीप्रमाणे मंडळी जमली. एक म्हणाला, पुढे रेतीची पोती टाका. दुसरा म्हणाला, टाकी पुढे घ्या, इंजिनपण पुढे घ्या आणि बोट उलटी चालवा. केशरबाईंनी मात्र आपलं जुनं जातं देऊ केलं. "न्हाईतरी दारात पडलंय. बसवा नाकात." जातं आलं. दोघांनी उचलून ते बोटीच्या टोकाला ठेवलं. नाक खाली आलं, पण पुरतं नाही. आणखी एका माणसाचं वजन हवं होतं.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. मग सरांनी घराकडे पाहिलं.

बायकोला 'तुझ्या वजनाची गरज आहे' हे सांगण्यासाठी भाषेत एकही सभ्य वाक्य नाही. सरांनी तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही गिळली. शेवटी म्हणाले, "चल, तुला रतनवाडीला देवदर्शनाला नेतो."

"जात्याशेजारी बसायचंय ना?" विजयमालाबाई म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या. "बरंय. आज जे व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे."

बोट निघाली. काय सुंदर निघाली! इंजिनाचा सूर लागला, रतनगडाचा सुळका उन्हात सोन्यासारखा चमकला. टोकाला जातं, जात्याशेजारी बायको, पाठीमागे दोनशे लिटर पेट्रोल. सरांना वाटलं, आता मुख्याध्यापकांना पुन्हा बोलवायचं. सगळ्यांना. धरणाला फेरी मारायची, पुन्हा एक, ते पुरे म्हणेपर्यंत. आणि उतरताना सहज विचारायचं, "काय, निषेधाचा ठराव मांडायचा का?"

दोन्ही काठ सारखेच लांब दिसायला लागले, आणि इंजिनाने दोन उचक्या दिल्या.

सर दचकले. पण फक्त क्षणभर. पेट्रोल तर आहे! त्यांनी टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा दाबला. तो दाबला गेला आणि तसाच चपटा होऊन बसला, वर येईना. दोरी ओढली. इंजिन खोकलं, थांबलं. पुन्हा ओढली. आता खोकलंही नाही.

विजयमालाबाई पाण्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "थांबली."

"पेट्रोल संपलेलं नाही," सर घाईघाईने म्हणाले. "तुझी अट पेट्रोल संपण्याची होती. हे वेगळं आहे."

"मी काही म्हटलं का?"

त्या काही म्हणत नव्हत्या, हेच वाईट होतं.

आणि अशा वेळी जो यायचा तोच आला. छगन रतनवाडीहून पुण्याची पोरं भरून परत येत होता. पोरांनी लांबूनच मोबाईल काढले. छगनने इंजिन बंद केलं, बोट शेजारी लावली आणि मान हलवली. त्याला हसू येत होतं, पण गुरूसमोर तो ते दाबत होता.

"सर, पुन्यांदा अर्ध्यात?"

"तांत्रिक आहे."

"दोर टाकतो. पर माझ्याकडं तेवढं प्यट्रोल न्हाई, ह्ये जातंबितं घिऊन लई वजान हाय तुमचं. तुमच्यातलं द्या थोडं." त्याने कॅन पुढे केला.

सरांनी तोटीखाली कॅन धरला आणि तोटी उघडली. आतून गुड्गुड् आवाज आला. शेवयाएवढी बारीक धार पडली. मग थेंब. मग तेही नाही.

छगन हळहळला. "सर, ही तर रिकामी हाय."

रिकामी! अख्खा राजूर पंप पाहत होता, ओंकारचा हात दुखला, तलाठ्यांचा फोन आला, आणि रिकामी? सरांचं रक्त उसळलं. "थांब, तुला आत दाखवतो!" त्यांनी सहाही खटके फडाफड सोडले आणि झाकण उचललं. झाकण हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. टाकीवर पाय ठेवून ओढलं. आतून कोणीतरी ते धरून बसलं होतं. छगन इकडच्या बोटीत आला, दोघांनी मिळून जोर लावला, आणि...

फुस्स!

लांब, खोल आवाज झाला. मोठ्या माणसाने बऱ्याच वर्षांनी सोडलेल्या सुस्काऱ्यासारखा. त्याबरोबर तोटीतून भदाभदा पेट्रोल कॅनमध्ये पडू लागलं आणि चपटा फुगा टुण्णकन वर आला.

छगन कॅन भरण्यात गुंतला होता. पुण्याची पोरं रेकॉर्डिंगमध्ये. पण सर झाकण हातात धरून जागच्या जागी गोठले. त्यांच्या डोळ्यांसमोर सहावी ब उभी राहिली. काठोकाठ भरलेला ग्लास. पुठ्ठा. का पडत नाही? हवेच्या दाबामुळे! आत हवा गेलीच नाही, तर पेट्रोल बाहेर येणार कसं? मुंगी जाणार नाही. मुंगी सोडा, सर, हवा जाणार नाही.

"काय हुतं ओ सर?" छगनने कॅनचं बूच लावत विचारलं.

सरांनी झाकण पाठीमागे धरलं. "कचरा अडकला होता."

आता दोरी एकदा ओढली असती तर इंजिन चालू झालं असतं. सरांना ते स्वच्छ दिसत होतं. पण चालू झालं असतं, तर छगनने पुन्हा विचारलं असतं. झाकण उघडल्यावर कसं काय चालू झालं? आणि छगन सहावीत दोनदा बसला होता. तो प्रयोग त्याने दोनदा पाहिला होता.

"ओढ," सर म्हणाले. "ओढून ने."

अशी ती मिरवणूक काठाला लागली. पुढे छगन, सरांच्या पेट्रोलवर. मागे सर, दोरावर. मध्ये पुण्याची पोरं, व्हिडिओवर. टाकी जवळजवळ भरलेली, इंजिन ठणठणीत, आणि सर झाकण मांडीवर घेऊन बसलेले. विजयमालाबाईंनी एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा इंजिनाच्या दोरीकडे, जिला सरांनी नंतर हात लावला नव्हता. आणि पुन्हा पाण्याकडे पाहू लागल्या.

काठावर केशरबाई उभ्या होत्या. "माझं जातं शाबूत हाय ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

संध्याकाळी घरी सर ओसरीच्या झोपाळ्यावर बसून राहिले. चहा आला, तो गार झाला. शेवटी त्यांनी वकिली करून पाहिली. "पेट्रोल संपलं नव्हतं. त्यामुळे बोट विकायचा प्रश्न येत नाही."

"नाहीच येत," विजयमालाबाई आतून म्हणाल्या. "राहू द्या बोट. कोथिंबीर मी डब्यात लावीन."

सर जिंकले होते. आयुष्यात इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मग बाई बाहेर आल्या. हातात पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास, त्यावर कोणाच्या तरी बारशाची पत्रिका. सरांच्या समोर येऊन त्यांनी पत्रिकेवर तळवा ठेवला, ग्लास उलटा केला आणि तळवा काढून घेतला. पाणी पडलं नाही. एक थेंबही नाही. सरांचासुद्धा प्रयोग इतका चांगला कधी झाला नव्हता.

"दरवर्षी प्रदर्शनाच्या आधी ओट्यावर तालीम करायचात," त्या म्हणाल्या. "ओटा मीच पुसायचे. आणि माझ्या माहेरी डेअरी. कॅनचं झाकण घट्ट असलं की तोटीतून दूध येत नाही, हे मला परकर घालत होते तेव्हापासून माहीत आहे."

सर उलट्या ग्लासाकडे बघत राहिले. "मग आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तांत्रिक बाब निघाली." ग्लास आता सरांच्या मांडीच्या बरोबर वर होता. "केशरबाईंना विचारलंत. छगनशी बोललात. सगळी कार्यालयं पालथी घातलीत, सुप्यापर्यंत गेलात, पंपावरच्या पोराचंसुद्धा ऐकलंत. मला काय विचारलंत? येतेस का जात्याशेजारी बसायला."

आणि त्यांनी पत्रिका काढून घेतली.